बाळंतपणाची लाकडं

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला कधी काही लिहिलं नाही. आता वाचता येण्याचा प्रश्नच उरला नाही, म्हणून लिहून राहिले. दवाखान्यात दुपारची गर्दी ओसरलीये, वॉर्डात दोन बाळंतिणी झोपल्यात, आणि मी टेबलाशी बसून उजव्या पायाचा अंगठा चाचपून बघतेय. रविवारी त्यात वेड्या बाभळीचा काटा गेला, चपलेतून आरपार. इंजेक्शन माझं मीच घेतलं. दुखत नाही. खरं सांगायचं तर सध्या मला काहीच फारसं दुखत नाही आणि काही फारसं बरंही वाटत नाही. पोरीला आठवा लागला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, आता आजी होणार तुम्ही, पेढे काढा. मी पेढे आणले, वाटले, रिकामा डबा धुऊन पालथा ठेवला. झालं.

तर मी लाकडाला गेले होते. तुझ्या नातीचं पहिलं बाळंतपण आहे, आणि आपल्या घरात बाळंतिणीच्या शेकाची अन् न्हाणीची लाकडं तिच्या मायनं स्वतः रानातून आणायची असतात, इकतची चालत नाहीत. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. तुझ्या मायनं केलं, तू केलंस, म्हणून आहे. आता मी कोण, तर रोज या वॉर्डात बायांवर ओरडणारी सिस्टर. बाजेखाली शेगडी ठेवू नका गं, धुरानं लेकराची छाती भरते, सासूनं सांगितलं तरी ठेवू नका. असं सोमवार ते शनिवार सांगायचं आणि रविवारी कोयता घेऊन लाकडाला जायचं. शेकाला नाही, नुसतं न्हाणीच्या पाण्याला, अशी मी माझी समजूत घातली होती. घरात गिझर आहे.

तुझा जावई दारात उभा राहून म्हणाला, "काहून जाऊन राहिली तू? हिंगोलीत वखारी काय कमी हायेत? फोन केला तर घरापर्यंत आणून टाकतात. तुझ्या ऑटोचं भाडंच लाकडाहून जास्त होऊन राहिलं." मी म्हटलं, "बराबर आहे." "अन् तुझे गुडघे?" "ते बी बराबर आहे." असं म्हणून मी भाकरीचा डबा पिशवीत टाकला. तो मागून म्हणाला, "बराबर आहे म्हणती अन् निघती! हिच्याशी बोलावं तरी काय माणसानं?" त्याचं चुकत नाही. हा माझा तिसरा रविवार होता. लोडिंग ऑटोवाला सुद्धा पुसेगावच्या रस्त्याला लागल्यावर आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, रिकामं जायचं अन् काटक्या भरून यायचं, याच्यात तुम्हाला काय भेटून राहिलं?" मी म्हटलं, तुम्ही पुढं बघून चालवा.

माळ तू पाहिलेला तसा राहिलेला नाही. निम्म्यावर सोयाबीन आलंय, उरलेल्यावर वेडी बाभूळ माजलीये. ज्या गावरान बाभळीखाली आपण पाणी प्यायला बसायचो ती नाही, तिचं खोडही नाही. मी वाळलेली फांदी शोधत फिरत होते तेवढ्यात शेजारची काकू आली, तुझ्यासंगं लाकडाला यायची ती. अजून आहे, कमरेत पार वाकलीये, पण तोंड तसंच. लांबूनच ओरडली, "कोण व्हय? शिश्टरीन का? अगं बाई बाई, सरकारचा पगार खाऊन मोळ्या बांधून राहिलीस व्हय?" मी म्हटलं, "जयभीम काकू. पोरीच्या बाळंतपणाला नेऊन राहिले." ती काठी टेकवत माझ्याजवळ आली, मी जमवलेल्या ढिगातलं एक लाकूड काठीनं बाजूला सारलं आणि म्हणाली, "हे नगं घेऊ, आतून पोखरलंय." आणि थोड्या वेळानं, "तुझी माय बी अशीच येडी व्हती."

हीच काकू तुला तेव्हाही म्हणायची, आठवतं का? मी नऊ-दहा वर्षांची असेन. तू आठवड्यातला एक दिवस मजुरी बुडवायचीस आणि मला घेऊन लाकडाला जायचीस, जाताना दोन तास, येताना डोक्यावर ओझं म्हणून तीन. काकू मोळी बांधता बांधता म्हणाली, "याच्यापरीस एक दिस निंदायला गेलीस तर आठ दिसाचं सरपण इकत येतंय. कशाला जिवाला तकलीफ देती?" तू कोयता थांबवला नाहीस. म्हणालीस, "निंदायला गेल्यावर मागं मुकादम उभा ऱ्हातो. हितं माझ्या मागं कोणी हाय का बघ." काकू हसली. मी मात्र खरंच मागं वळून बघितलं. कोणी नव्हतं. लांब दोन टिटव्या चालत होत्या. तू त्या दिवशी काहीतरी गुणगुणत होतीस, आणि घरी तू कधीच गुणगुणत नव्हतीस, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

आणखी एक दिवस. मी शहाणपणा करून एक सरळसोट फांदी तोडून आणली, पानांसकट, ओली. मला वाटलं शाबासकी मिळेल. तू फांदी हातात घेतलीस, बुडाला नख लावून बघितलंस आणि म्हणालीस, "जित्या झाडाचं तोडलंस. आता टाकायचं न्हाई. तुझं तू न्यायचं डोक्यावर." ती फांदी जळणार नाही हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी ती घरापर्यंत आणली. ओल्या लाकडाचं वजन किती असतं ते मान सांगते, तोंडानं सांगता येत नाही. रस्त्यात मी दोनदा रडले, तू दोन्ही वेळा थांबलीस, पण ओझं उतरवलं नाहीस. मला तुझा राग आला होता, कितीतरी दिवस. मग पुढच्या वेळी निघताना तू एक नवी चुंबळ माझ्या हातात दिलीस, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची, तुझ्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून गुंडाळलेली. "तुझ्या डोक्याच्या मापाची केली," म्हणालीस. माझ्यासाठी कोणी मापानं केलेली ती पहिली वस्तू. आज ती कुठंय मला माहीत नाही.

तेव्हा परवडायचं का, हा प्रश्न आता मी विचारतेय. मला काय मिळालं म्हणशील तर सांगते. रविवारी मीही मागं वळून बघितलं. कोणी नव्हतं. पण पिशवीत फोन वाजत होता, वॉर्डातला, सलाईन कुठं ठेवलंय विचारायला. सलाईन कुठं आहे ते सांगितलं आणि पुन्हा वाकले. गुणगुणावंसं वाटतं का बघितलं. नाही वाटलं. संध्याकाळी ऑटो घराशी लागला, गच्चीवर लाकडं रचली, हातपाय धुतले. परवडत नाही, माय. कोणत्याही बाजूनं बघितलं तरी नाही.

तू गेलीस तेव्हा भादवा होता आणि आठ दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. पोरगी तीन महिन्यांची. तिला पदराखाली धरून मी जीपनं आले. ओट्यावर माणसं बसून बोलत होती, कोरडं लाकूड आणायचं कुठून, हिंगोलीला ट्रॅक्टर पाठवावा काय. तेवढ्यात एकजण घराच्या मागं पडवीत गेला आणि तिकडून ओरडला, "अरे, हितं तर छातीइतकी थप्पी हाय! खडखडीत वाळल्याली!" मीही गेले बघायला. खताची रिकामी पोती उसवून, एकाला एक शिवून तू वरून पांघरली होतीस. खाली दगड लावून जमिनीपासून वर उचललेली. सगळी बाभळीची, सगळी हातभर लांबीची, बाजेखालच्या शेगडीत बसतील अशी तोडलेली. इतकी आखूड लाकडं सरणाला लावत नाहीत, पण त्या पावसात कोण बघतंय. खाली दोन ओंडके टाकले आणि वर तीच रचली. कोणीतरी म्हणालं, "म्हातारीनं सोताचीच सोय करून ठिवली." ती कशाची लाकडं होती हे तिथं दोघींनाच माहीत होतं, मला आणि काकूला. काकू माझ्याकडं बघत राहिली. मी पोरीचं टोपडं नीट केलं. लाकडं चांगली जळाली, धूरसुद्धा फार झाला नाही. मला रडू आलं नाही. बाया म्हणाल्या, धक्का बसलाय, मागून येईल. पंचवीस वर्षं होत आली.

काल तुझ्या नातीचा पुण्याहून फोन आला. "मम्मी, मी नाही येऊ शकत गं बाळंतपणाला. आई नको म्हणतात." आई म्हणजे तिची सासू. "पहिलंच आहे, इथलंच हॉस्पिटल बरं, एवढा प्रवास नको, असं त्यांचं म्हणणं." मी म्हटलं, बरं. "चिडलीस का?" "नाही." "तू लाकडं-बिकडं आणत बसू नकोस हं उगाच." "आणली," मी म्हटलं. तिच्या मागं कुठंतरी मिक्सर चालू होता. मग म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले.

तासाभरानं विहीणबाईंचा फोन. त्या आपल्याच भागातल्या, आखाडा बाळापूरच्या, पोराबरोबर पुण्याला गेल्या तरी बोलणं आहे तसंच आहे. "ताई, न्यायला कधी येऊन राहिले तुमी? मी तर तिची बॅग बी भरून ठिवली. लेकरू माहेरी गेलं म्हंजे चार दिस आराम भेटंल. इथं आम्ही कितीबी केलं तरी मायची सर येते व्हय?" माझ्या हातात एका बाईचा केसपेपर होता. मी तो खाली ठेवला. पोरीला काय झालं असेल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिथं तिची थंड खोली आहे, मैत्रिणी आहेत, आणि इथं मी आहे, गच्चीवर लाकडं रचून बसलेली. मी म्हटलं, "ताई, आमच्याकडं यंदा पाण्याची लई तकलीफ आहे. बाळंतिणीचं कसं भागायचं? तिला तिकडंच राहू द्या." त्यांनी दोन-तीनदा आग्रह केला, मग म्हणाल्या, "आसं हाय व्हय." नळाला परवाच पाणी आलं होतं, दीड तास.

फोन ठेवला आणि मला पोरीचं नाव ठेवायचा दिवस आठवला. तू माझ्या सासरी आली होतीस, पिशवीत निरगुडीचा पाला घेऊन, माझ्या न्हाणीसाठी. त्याआधी मी पुसेगावच्या एसटीडीवर तुझ्यासाठी निरोप ठेवला होता, की सासूबाई पाठवत नाहीत, म्हणून बाळंतपणाला येता येत नाही. माय, सासूबाईंनी असं काही म्हटलं नव्हतं. मलाच यायचं नव्हतं. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, माझ्याबरोबरच्या सिस्टर बाळ बघायला येणार होत्या, आणि त्यांना आपली कुडाची भिंत, तो धूर, बाहेर जायचा तांब्या दाखवायची मला लाज वाटली. तुझी नाही, घराची, असं तेव्हा मी म्हणत होते. तुझीही वाटली असेल. त्या दिवशी जेवणं झाल्यावर सासूबाई बाहेरच्या खोलीत तुला म्हणाल्या, "विहीणबाई, घेऊन जा की लेकीला दीड महिना. मी कुठं न्हाई म्हणते?" मी आतल्या खोलीत पोरीला पाजत होते. मधे नुसता पडदा होता. मी श्वास धरून बसले होते. मग तू म्हणालीस, "कशी नेऊ जी? औंदा लाकडंच जमली न्हाईत मला."

जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहिलंय हे सगळं. फाडून पर्समध्ये ठेवीन, आणि कुठं द्यायचं ते नाहीच. एक नंबरच्या बाळंतिणीचं लेकरू उठलंय, जावं लागेल. पण तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, म्हणून सांगते. तुझं ते बोलणं ऐकून मला वाईट वाटलं नाही, माय. मला सुटल्यासारखं झालं. मी श्वास सोडला आणि पोरीला दुसऱ्या अंगाला घेतलं.