सशाला न्हाऊ घातलं त्याची हकिकत

अहमदपूर, ता. २०

तीर्थरूप रेवणसिद्ध मामांना वीरेशचा शरणार्थ.

मामा, नऊ तारखेला सकाळी सव्वाअकरा वाजता अक्षरा लातूरच्या गाडीतून उतरली, आपल्या स्टँडवर तिनं माझ्या हातात बुटाचा खोका दिला, आणि तिथून माझं आयुष्य बदललं. पण ते नंतर. आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. म्हशीनं लाथ मारल्याचं समजलं. (आई म्हणाली, तीस वर्षं झाली जनावरांच्या डॉक्टरकडं कंपाउंडर हाय, अजून कुठं उभं राहावं ते कळंना त्याला. शब्द तुमच्या अक्काचे, माझे नव्हेत.) मामीचा बीपी उतरला असेल. इकडं रुद्राणी माहेरी पहिल्या बाळंतपणाला आलेली आहेच, बाळ सव्वा महिन्याचं झालं, दोघं सुखरूप. अप्पा दुकानात असतात आणि मी समोरून गेलो की तराजूत वजन जरा जोरात टाकतात. फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही "बोल लवकर, म्हैस बांधायचीय" म्हणता, आणि हा विषय म्हैस मोकळी ठेवून ऐकण्यासारखा नाही.

अक्षरा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली, लातूरला हॉस्टेलवर राहून शिकते. माझं दोन वर्षांपासून तिच्यावर मन आहे. तिचं माझ्यावर आहे का, हे तिनं अजून सांगितलेलं नाही. पण मी नांदेडचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून आलो तेव्हा तिनं मला पूर्ण अर्धा तास झापलं. परक्या माणसाला कोण एवढा वेळ देतं? (त्या सरांचं आणि माझं काय झालं ते तुम्हाला लोकांनी वाढवून सांगितलं असणार. मी खुर्ची उचलली होती. टाकली नव्हती.)

तर खोका. मला वाटलं बूट आणले. मी लाजून म्हणालोसुद्धा, "आठ नंबर बरोबर बसतो मला." तेवढ्यात बूट हलला. आत सशाचं पिल्लू होतं, मुठीएवढं, पांढरं, उजव्या कानावर करडा ठिपका. मैत्रिणींनी वाढदिवसाला दिलेलं, हॉस्टेलच्या मॅडमला कपड्याच्या बादलीत सापडलं. अक्षरा म्हणाली, "पंधरा दिवस परीक्षा हाय. चोवीसला येते अन् घेऊन जाते. वीरेश, कॉलेज सोडलास, जिम सोडलीस, गाडी शिकायला लागलास ती रिव्हर्सवर सोडलीस. हे एक तरी सोडू नको. पिल्लू नीट राहिलं तर मी तुझ्याशी बोलीन. न्हाई राहिलं तर मग बोलायचंच न्हाई." आणि परतीच्या गाडीत बसली. मामा, खिडकीतून हातसुद्धा हलवला. (सशाला हलवला असं रुद्राणीचं म्हणणं. रुद्राणी तिथं नव्हती.)

घरात पहिलं स्वागत अप्पांनी केलं. "एक इंजिनियर घरी बसून खायलाय, आता हे दुसरं." माझ्या डोक्यात सणक गेली, पण हातात खोका होता म्हणून पाय आपटता आला नाही. पहिल्या दिवशी मी त्याला बाळाच्या बाटलीनं गायीचं दूध पाजायला गेलो. त्यानं तोंड फिरवलं आणि रुद्राणीनं बाटली हिसकावून तीनदा उकळली. मोबाईलवर शोधलं तर कळलं की सशाला दूध नको, गाजरसुद्धा चवीपुरतं, गवत मात्र पोटभर. मग मी रोज सकाळी देवळामागं हरळी खुडायला जायला लागलो. शेजारच्या सिंधुकाकूंना वाटलं मी गणपतीला दूर्वा वाहतोय. आईचं नाव घेऊन गल्लीभर झालं, सिद्धम्माचं पोरगं सुधारलं. दोन दिवस लोक मला आपणहून रामराम करत होते, मीही कोणाला काही बोललो नाही.

सोमवारी त्यानं देवघरात जाऊन आईनं पिंडीवर वाहिलेला बेल खाल्ला. मला वाटलं, आता दोघंही घराबाहेर. पण आई हात जोडून म्हणाली, "सोमवारचा बेल खाल्ला माय त्यानं, शंकराचं लेकरू हाय." आणि त्याच्या कपाळाला विभूती लावली. तो शिंकला, आईनं तोही कौल धरला. अप्पांचं मत मात्र मंगळवारी आणखी खाली गेलं असतं. तो दुकानात फिरून आला आणि अप्पांनी जमिनीवर सांडलेले चार मिरे उचलून परत डब्यात टाकले. ते मिरे नव्हते. (तो डबा मी मागं ठेवला आहे. अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.)

आता खरी गोष्ट. बाळाला न्हाऊ घालायला रोज गौरम्मा येते. तेलानं मालिश, कढत पाणी, वर ओव्याची धुरी, की आमचं बाळ तीन तास हूं की चूं करत नाही. आणि ससा रोज पहाटे पत्र्याचा डबा लाथांनी वाजवून अप्पांना उठवायचा. अप्पा म्हणाले होते, आणखी एक दिवस हे वाजलं तर खोका रस्त्यावर. म्हणून आठव्या दिवशी मीच गौरम्माला म्हणालो, "मावशी, याचंही उरकून घ्या." ती म्हणाली, "लेकरू ते लेकरू, आण इकडं. हाडं किती कवळी हायती बघ." पाय लांब करून तिनं त्याला पायांवर घेतलं, तेल चोळलं, चार तांबे पाणी ओतलं. पहिल्या तांब्याला तो धडपडला. चौथ्याला गप झाला. मला वाटलं, गुण आला.

मामा, तो गार पडला होता. मान टाकली होती. गौरम्माचं तोंड पांढरं झालं. "मी इतकी लेकरं न्हाऊ घातली, असं कधी झालं न्हाई रे," म्हणत ती मोरीतच बसली. तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं की सांगितलं कोणी होतं. बाळाच्या दुपट्यात त्याला कोरडं केलं, शर्टाच्या आत छातीला धरलं आणि भिंतीला टेकून बसलो. अकराला बसलो तो दिवेलागणीपर्यंत. सशाची खबर घ्यायला येणारा अक्षराचा रोजचा फोन वाजून वाजून थांबला, मी हात काढला नाही. आईनं ताट आणलं, परत नेलं. अप्पा दोनदा दारात येऊन गेले, दुसऱ्यांदा त्यांनी पंखा बंद केला. नांदेडला पन्नास मिनिटांच्या तासाला मला बसवत नव्हतं. दिवे लागले तेव्हा आतून माझ्या शर्टाचं बटण ओढल्यासारखं झालं. मी हरळीची काडी आत सरकवली. ती हळूहळू आत गेली. मी रडलो असं रुद्राणी सांगेल. ओव्याच्या धुरीनं डोळ्यांत पाणी येतंच.

आता तो ठणठणीत आहे, कालच त्यानं माझ्या चार्जरची वायर तोडली. अक्षराला मी "ससा मजेत" एवढंच कळवलं आणि जुना फोटो धाडला. चोवीसला ती येईल, घेऊन जाईल, आणि मी सुटेन एकदाचा. मला काही त्याचा लळा नाही. मामीला नमस्कार.

आपला भाचा,
वीरेश

ता. क. मामा, एक बारीक काम होतं. तुमच्या डॉक्टरांच्या शिक्क्यानिशी एक सर्टिफिकेट मिळेल का? मजकूर मी तयार केलाय: "सदर ससा (पांढरा, उजव्या कानावर ठिपका) अशक्त असून प्रवासास असमर्थ आहे. त्यास आणखी तीन महिने श्री. वीरेश यांचेजवळच ठेवावे." तीनाचे सहा केले तरी चालेल. तो माझ्या मांडीवर उघड्या डोळ्यांनी झोपतो. दुसऱ्या कोणाला हे कळणार नाही, मेला म्हणून ओरडतील.

ता. क. (ता. २२) पत्र टाकायचं राहिलं, कारण ते रुद्राणीनं वाचलं. म्हणाली, "अशक्त कशानं झाला असं अक्षरानं विचारलं, तर सर्टिफिकेटावर गौरम्माचं नाव लिवणार का तुझं?" मी तिच्याशी बोलत नाही.

ता. क. (ता. २४) सर्टिफिकेट नको. अक्षराची गाडी चारला आहे. सशाला भाजीच्या टोपलीत गवतावर बसवलंय. स्टँडवर आधी न्हाणं सांगणार, मग जुना फोटो, मग टोपली देणार. यानंतर ती माझ्याशी बोलेल असं वाटत नाही. ससा तिचाच आहे, आणि काय झालं ते तिला ठाऊक पाहिजे. पत्र मात्र धाडतो, इतकी पानं लिहिलेली फाडवत नाहीत. बाळ आत्ताच झोपलंय, म्हणून दार हळू ओढून घेतो आणि निघतो.