बाबांचं झोपेतलं बोलणं

कोल्हापूर,
रविवार

प्रिय प्रसेनजीत,

फोन केला असता तर तू दोन मिनिटांत 'बरं, ठेवतो' म्हणाला असतास, म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीची रजिस्टरं लिहिण्यात बत्तीस वर्षं गेली, तेव्हा अक्षर तरी तुला लागेल. बाबा पलीकडच्या खोलीत झोपलेत, अगदी गप्प. खुब्याच्या ऑपरेशनला आज दहा दिवस झाले. ते पडले एवढंच तुला कळवलं होतं. कसे पडले ते सांगितलं नव्हतं.

बाबा रिटायर झाल्यावर कारखान्याची कॉलनी सोडून आम्ही इथं आलो, आणि वर्षभरातच त्यांना झोपेत हातपाय झाडायची खोड लागली. ओरडायचे, भिंतीवर बुक्क्या मारायचे. एकदा माझा ओठ फुटला, तर पायरीवरून पडले म्हणून गल्लीत सांगितलं. बायका काय समजायच्या ते समजल्या. ज्या माणसानं जन्मात माझ्यावर हात उगारला नाही, त्याच्या वाट्याला म्हातारपणी ही बदनामी!

शेवटी डोक्याला वायरी लावून त्यांना एक रात्र दवाखान्यात झोपवलं. डॉक्टरांनी मला कागदावरच्या रेघा दाखवल्या. झोप म्हणे टप्प्याटप्प्यानं येते. हलकी, मग गाढ, मग स्वप्नांची, आणि रात्रभर हेच फिरत राहतं. स्वप्नांच्या टप्प्यात आपलं अंग लुळं पडतं, म्हणून स्वप्नात कितीही पळालो तरी आपण अंथरुणातच राहतो. यांचं अंग लुळं पडत नाही. त्यावर रात्रीची एक गोळी दिली. हातपाय शांत होतील, पण गाढ झोप थोडी कमी होईल, सकाळी सुस्ती वाटेल, आणि आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, असं दोनदा बजावलं.

गोळी लागू पडली. पहिला आठवडा मी सुखानं झोपले. मग घर खायला उठलं. कारण झोपेत ते काय ओरडायचे, ते मी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. तुझं नाव घ्यायचे रे. सात वर्षांत जागेपणी एकदाही काढलं नाही, ते नाव. वाफेची नळी फुटून तुझा हात भाजला, तेव्हा ज्यांनी हट्टानं तुला बॉयलरवर लावलं तेच बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, 'एवढं हुतंच की बॉयलरवर.' तिसऱ्या दिवशी तू बॅग उचललीस. तुझा राग मला कधी चुकीचा वाटला नाही. पण तेव्हापासून आमच्यात तुझं नाव निघायचं ते त्यांच्या झोपेतच, आणि गोळीनं तेही बंद पडलं.

म्हणून ते पडले त्याच्या आदल्या रात्री, मंगळवारी, मी गोळी दिली नाही. विसरले नाही, दिली नाही. मला ऐकायचं होतं. पहाटे ते ओरडत उठले, पलंगावरून उडी टाकली आणि फरशीवर आदळले. मी दिवा लावला, तर उशी दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलेली. दवाखान्यात विचारलं, गोळी दिली होती का? मी हो म्हणाले. तुझ्या बहिणीला, प्रीतीलाही तेच सांगितलं. उद्या डॉक्टरांना खरं सांगणार आहे, पण आधी तुला सांगितलं. तुला काय बोलायचं ते बोल मला, मी ऐकून घेईन.

आता गोळी रोज माझ्या हातानं देते. ती लागू पडतेय तोवर ते झोपेत बोलायचे नाहीत, आणि जागेपणी असलं काही बोलणं त्यांच्या स्वभावातच नाही. तुझ्यापर्यंत हे दुसऱ्या कुठल्या वाटेनं पोचणार नाही, म्हणून त्या पहाटे ते जे ओरडले ते जसंच्या तसं लिहून पाठवतेय. "प्रसेन, सोड त्यो व्हॉल्व्ह! मागं सर, मी धरतो. माझ्यामुळं आलास रं हितं, पोरा. माझ्यामुळं."

तुझीच,
आई