सरबतात विरघळलेलं वर्ष

तीर्थरूप काकूंना दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरता ना, की तो अजूनही फक्त पाहुण्यांसाठीच ठेवलाय? माझी तब्येत ठणठणीत आहे. नोकरी मात्र शेवटच्या घटका मोजतेय.

प्रयोगशाळेत मी नक्की करतो काय, असं तुम्ही दर भेटीत विचारता (आणि उत्तर सुरू झालं की भाजी निवडायला उठता), म्हणून लेखी सांगतो. बर्फाळ प्रदेशात बर्फावर बर्फ साचतो, दबतो आणि मधली हवा बुडबुड्यांत अडकून बसते. तो बर्फ खोदून आणायचा, फोडायचा आणि जुन्या काळची हवा कशी होती ते मोजायचं. आजची हवा आम्ही गच्चीवरच्या नळीतून घेतो. (नळीखाली उभे राहून साहेब सिगारेट ओढतात, त्यामुळे आमच्याकडचा वर्तमानकाळ जरा जास्तच बिघडलेला दिसतो.)

आमच्यात एक रीत आहे. मोजून उरलेले तुकडे फेकायचे नाहीत, पाहुण्यांच्या सरबतात टाकायचे. बुडबुडे फुटताना तडतड आवाज येतो आणि अनुदान देणारी माणसं बर्फाच्या आधी विरघळतात. गेल्या आठवड्यात अशीच मंडळी आली. साहेब स्वतः शीतगृहात गेले आणि चिठ्ठी नसलेली पिशवी घेऊन आले, कारण उरलेल्या बर्फावर आम्ही चिठ्ठी लावत नाही. पण एवढ्या गारठ्यात स्वस्तातल्या चिकटपट्टीचा गोंद सुटतो, हे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. ती पट्टी साहेबांनीच आणली होती, आणि चिठ्ठी फळीखाली पडली होती. सगळे पेले कानाला लावून माना डोलवत होते, साहेब भूतकाळाच्या मोलाबद्दल बोलत होते आणि भूतकाळ घोटाघोटाने त्यांच्याच घशाखाली उतरत होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा पेल्याच्या तळाशी लिंबाची बी तेवढी उरली होती.

तो तुकडा अजून मोजायचा होता, काकू! तुमच्या लग्नाच्या आसपासची हवा होती त्यात, आणि त्याला जोड नाही. आता आलेखात नेमकं तिथेच भोक पडलंय. साहेबांच्या मते दोष चिकटवणाऱ्याचा, म्हणजे माझा. करून सवरून ते नामानिराळे. सोमवारपर्यंत त्या काळची हवा आण, नाहीतर दुसरीकडे काम बघ, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. (ती कुठल्या दुकानात मिळते, ते नाही सांगितलं.)

बाकी सर्व क्षेम.

तुमचा, आजपर्यंत तरी पगारी,
पुतण्या

ता. क. : पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. काका काचकारखान्यात काच फुंकायचे. लग्नाच्या वर्षी त्यांनी तुमच्यासाठी फुंकून बंद केलेला निळा गोळा कपाटावर आहे. त्याला कुठेही भोक नाही, म्हणजे हवा अजून आत आहे. तो पाठवाल का? फोडावा लागेल. मागताना जीभ रेटत नाही, पण पोटाचा प्रश्न आहे.

आणखी ता. क. : पाकीट बंद करण्याआधी साहेबांना विचारून आलो. माणसाच्या छातीतून आलेली हवा चालत नाही म्हणे; ती त्या काळची हवा नव्हे, शास्त्राला तिची काडीइतकी किंमत नाही. तेव्हा गोळा पाठवू नका. त्यात ते वर्ष नाहीच, काकू, नुसते काका आहेत. कपाटाच्या कडेपासून जरा आत सरकवून ठेवा. आणि माझी गादी उन्हात टाका, मंगळवारी मी तिकडेच येतोय.