चिंबोरीच्या मागे होडी

बाबा, तुझी होडी आज पाण्यात गेली आणि परत बांधावर आली. दोन्ही वेगवेगळं सांगते आहे, कारण होडी पाण्यात घालणं आपल्याकडे कधीच अवघड नव्हतं. उतारावरून ती अर्धी आपली आपणच जायची. अवघड होतं ते तिला चिखलातून वर आणणं.

तू गेलास तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर काही वर्षं काकाने होडी चालवली, मग हळूहळू दोर धरायला माणसं मिळेनाशी झाली. भांडण झालं नाही की कुणी गाव सोडलं नाही. सगळे कंपनीत लागले, कुणी पेणला, कुणी रोह्याला, आणि कंपनीची शिफ्ट भरती-ओहोटी बघून लागत नाही. भरतीच्या वेळेला बंदरावर दोन म्हातारे आणि एक कुत्रा. शेवटी काकाने होडी बांधावर पालथी घातली, वर ताडपत्री बांधली आणि जाळं माळ्यावर टाकलं. ओढायला नसणाऱ्यांत मीही होतेच. रोह्याला एका कारखान्यात मेंटेनन्स बघते: पंप, गिअरबॉक्स, बेअरिंग. काम मला आवडतं. घरी त्याबद्दल मी फार बोलत नाही, तेही विचारत नाहीत.

या हिवाळ्यात एका संध्याकाळी काका आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, होडी देऊन टाकतो. अलिबागच्या रस्त्यावर कुणी रिसॉर्ट काढलंय, त्याला लॉनवर ठेवायला जुनी होडी हवी. आत माती भरून फुलझाडं लावणार.

"बुडाला भोकं पाडायची म्हणतो," काका भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला. "पानी बाहेर जायला."

आई थापता थापता थांबली. "होडीला भोकं? आणि तू व्हय बोललास?"

"मग काय करू? उंदरांना घर करून देऊ?"

मी म्हटलं, महिनाभर थांब. माणसं न बोलावता होडी वर आणता येईल. काका माझ्याकडे बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. "कोन आननार गो? तुझा कम्प्युटर?" पण हसून झाल्यावर त्याने शब्द दिला. एकदा पाण्यात घालून परत बांधावर आणून दाखव, दोराला एकाही माणसाचा हात न लावता. जमलं तर होडी राहील. नाहीतर रिसॉर्टवाल्याचा टेम्पो येईल.

होडी ओढायला एक गाडी मी आधीच हेरून ठेवली होती. गागोद्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर शेडमध्ये पडून होती. दोन सीट, मागे लहानसा हौदा, चारही चाकांना ताकद, टायर गाडीच्या मानाने फारच रुंद. मालकाला ती चालू होत नाही एवढंच माहीत होतं, त्याने भंगाराच्या भावात दिली. कार्ब्युरेटर साफ केला, इंजिनाकडून चाकांकडे ताकद नेणारा रबरी बेल्ट वाळून चिरला होता तो बदलला, आणि ती चालू झाली. गावात आणली तेव्हा तिचे दोन दिवे खेकड्याच्या वर उचललेल्या डोळ्यांसारखे बघून शेजारची आजी म्हणाली, "ही तर चिंबोरी हाय." तेव्हापासून ती चिंबोरीच. होडीसाठी ट्रॉली मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात एका वेल्डरकडून करून घेतली. बुटकी, रुंद चाकांची, वर होडीच्या बुडाला बसतील असे रबरी रोलर. वेल्डर ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघत होता. "ताई, यावर नवरदेव बसवनार काय?" मी म्हटलं, नवरी. तो दिवसभर त्याच्यावर हसत होता. मी तसा विनोद सहसा करत नाही.

बाबा, तुला आठवतं का, मला दोरावर पहिल्यांदा तूच घेतलंस. मुली दोराला लागत नसत. मी सहा-सात वर्षांची असेन, तू मला शेवटच्या टोकाला उभं केलंस आणि मी जीव खाऊन ओढायला लागले. काका "ओढ रंऽ" म्हणायचा, सगळे "हैशा!" म्हणून ओढायचे आणि लगेच सैल सोडायचे, दम घ्यायचे, पुन्हा. मी सैल सोडतच नव्हते. सगळे थांबले तरी माझं ओढणं चालूच. तू मागे आलास, माझ्या हातावर एक फटका मारलास. जोरात नव्हता, पण सगळ्यांसमोर होता. "हैशा झाली का सोड. एकटी ओढशील तर हात सोलून निघंल. सगळ्यांबरोबर ओढ, सगळ्यांबरोबर सोड." मी रडले नाही. त्या संध्याकाळी माशांचे वाटे पडले तेव्हा दोराला लागलेल्या प्रत्येकाला मिळाला तसा मलाही वेगळा मिळाला, पळसाच्या पानावर दोन बोईट. मी तो हातात घेऊन घरापर्यंत चालत आले आणि आईला म्हटलं, हे माझे.

आज मी रजा टाकली. सकाळी भरती चढत असताना टायरमधली हवा कमी केली, म्हणजे चाक पसरतं आणि चिखलात कमी रुततं. उताराच्या वरच्या अर्ध्या भागात दगड पसरलेले आहेत, खाली नुसता चिखल. मी चिंबोरी मागे मागे घेत ट्रॉली पाण्यात नेली. होडी आधी नुसती बसून होती, मग किंचित डोलली, मग रोलरवरून आपणहून सुटली. काका माळ्यावरचं जाळं घेऊन आत उभा होता. त्याने वल्हं टेकवलं आणि निघून गेला. आई बांधावर उभी होती, तिने हात जोडले. मी एक्सलवर पाणी कुठपर्यंत आलंय ते बघत होते, म्हणजे तसं दाखवत होते.

काका परत आला तेव्हा पाणी नुकतंच उतरायला लागलं होतं आणि बांधावर निम्मं गाव जमलं होतं. ज्यांना शिफ्ट नव्हती त्या सगळ्यांना दुसरं काम नव्हतं. होडी ट्रॉलीवर बरोबर बसली. मी लो गिअर टाकला आणि ओढायला सुरुवात केली. चिखलात एकच नियम: वेग कमी असला तरी चालेल, तुटता कामा नये. एकदा थांबलं की चाक खड्डा करतं. हे मला पाठ होतं. आणि तेवढ्यात बांधावरून कुणीतरी ओरडलं, "ओढ रंऽ!" आणि सगळ्यांनी, "हैशा!"

गाडी छान पुढे गेली. आणि थांबली. पुन्हा "हैशा!", पुन्हा पुढे, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा मागची चाकं रुतली. मी खाली बघितलं तेव्हा माझा पाय पेडलवरून उचललेला होता. हैशा झाली की तो आपणहून सोडत होता.

"ढकलू का गो?" बांधावरून तिघे-चौघे चिखलात उतरलेच. एकाने दोरही उचलला.

"हात लावाल तर टेम्पो येईल!" काका होडीतून ओरडला. "ठेव तो दोर, ठेव!"

दोर उचलणारा तो असा टाकून मागे सरला की जणू त्यात विंचू होता. मी उतरले, चाकांपुढचा चिखल फावड्याने काढला, हौद्यातला पेंढा चाकांखाली घातला. पाणी उतरत होतं, ट्रॉलीच्या मागे चिखल वाढत होता, दुसऱ्यांदा रुतली असती तर संपलं होतं. मी बांधाकडे बघून म्हटलं, "आता कुणी ओरडू नका. मला इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही."

सगळे गप्प झाले. तुला ते बघायला हवं होतं. आपलं गाव, गप्प. शेजारच्या आजीने पदराचा बोळा तोंडात धरला. कुणाचेतरी खांदे हसून हलत होते. मी सीटवर बसले आणि काय झालं सांगू, त्या शांततेत माझा पाय पेडलवर टेकेना. तो हाकेची वाट बघत होता.

काका माझ्याकडेच बघत होता. होडीतून त्याला गाडीच्या आतलं किती दिसत होतं मला माहीत नाही. "मना काय गप बसाया जमनार नाय," तो म्हणाला. "पन तोडनार नाय. चल."

आणि त्याने "हैऽऽऽ" लावली. "शा" नाही. नुसती एक लांबच लांब "हैऽऽऽ". मी पेडल दाबला. चाकांनी पेंढा धरला. काकाचा दम संपत आला, आवाज चिरकायला लागला, तेवढ्यात बांधावरून आईने उचलली, मग आजीने बोळा काढून, मग सगळ्यांनीच, एकाचा श्वास संपायच्या आत दुसऱ्याचा. ती हाक तुटली नाही आणि माझा पाय हलला नाही. चिखल संपला, दगड लागले, दगड संपले, होडी बांधावर आली आणि मग अख्ख्या गावाने एकदाच, एकत्र, "शा!"

मी ब्रेक लावला. मला हसू आवरत नव्हतं, म्हणून मी वाकून उगाच हँडब्रेक दोनदा तपासला.

लगेच वाद सुरू झाला. चहाच्या टपरीवाला म्हणाला, "काका, मदत झालीच की. आवाज लावलात."

"हात लावला कुनी?"

"हात नाय, पन..."

"मग गप. तोंडाला कोन मोजतं?" काकाने तिथेच फोन काढला आणि रिसॉर्टवाल्याला सांगितलं की होडी कामावर लागली, तुम्ही कुंड्या घ्या. मग जाळ्यातले बोईट आणि मूठभर कोळंबी बांधावर ओतली आणि वाटे घालायला बसला. दोराला कुणीच लागलं नव्हतं, म्हणून ज्याने ज्याने हाक दिली त्याला वाटा. एकेकाला एकेक मासा जेमतेम आला. टपरीवाल्याने त्याचा घेताना तक्रार केली नाही. ट्रॉलीची चाकं मी गोड्या पाण्याने धुतली, बेअरिंगला ग्रीस भरलं, आणि अंधार पडायच्या आत घरी आले.

आता जेवण झालंय, आई बोईटांचं कालवण परत परत गरम करून मला वाढून दमली आणि झोपली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही हे मला कळतं. पण एक गोष्ट आहे जी मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेली नाही. चाकं रुतली तेव्हा काय झालं, असं सगळ्यांनी विचारलं, जेवताना आईनेही विचारलं. मी सगळ्यांना एकच सांगितलं, बेल्ट घसरला.

बेल्ट नवा आहे, बाबा. मीच बसवलाय. तो घसरला नव्हता.