ते सावकाश वाचतात

॥ श्री ॥
अमरावती, २ सप्टेंबर १९८६

चि. सुमेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझा उजवा हात अजून ऐकत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे मी सांगते आणि तुझा जगन्नाथमामा लिहितो. अक्षर त्याचं, शब्द माझे. मधेच तो माझी वाक्यं नीटनेटकी करतो, मास्तरकी सुटत नाही, तेवढं चालवून घे.

तिकडे थंडी कधी पडते? स्वेटर आत्ताच ट्रंकेतून काढून उन्हात टाक. रात्री स्वयंपाक करतेस की पाव खाऊन झोपतेस? तुझ्या खोलीतल्या कांचनला वरणभात येतो असं लिहिलं होतंस, तर तिच्याकडून शिकून घे, लाजू नकोस. नागपूरची मुलगी आहे, नाही म्हणायची नाही. मेतकूट प्रतिमामामीनं करून ठेवलं आहे, कोणी येणारं भेटलं की पाठवते. डोक्याला तेल लाव. रविवारी गणपती बसतील. तुझ्या नावानं दूर्वा वाहीन, म्हणजे मामी वाहील आणि मी बघेन.

बाकी क्षेम. जपून राहा, एवढंच मागणं.

तुझी
आई

ता. क. हे माझे, मामाचे. तू ज्या इंग्लिश कवयित्रीवर प्रबंध लिहिणार आहेस तिच्याबद्दल एक अक्षर कळवत नाहीस. मी बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले, पण मेव्हिस थॉर्नबी हे नाव कधी ऐकले नाही. सविस्तर लिही.


॥ श्री ॥
पिस्कॅटवे, न्यू जर्सी, २१ सप्टेंबर १९८६

ती. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

स्वेटर उन्हात टाकला. वरणभात शिकले. तेल लावते. तुझे तीन प्रश्न झाले, आता मामांचा एक. हा भाग वाचला जाईल तेव्हा तू खुशाल डुलकी काढ, मला राग येणार नाही. पाच वर्षांत तू कवितेबद्दल एकदाही विचारलं नाहीस, त्यामुळे सवय आहे.

तर मामा, ही बाई एक्कावन्न वर्षांची आहे. उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावात तिनं सोळा वर्षं पोस्टात पार्सलं वजन करून घेण्याचं काम केलं. कविता ती जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहायची. पहिली कविता गावच्या वर्तमानपत्रात हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीशेजारी छापून आली आणि कुत्र्याची चौकशी करणारी दोन पत्रं तिलाच आली, असं ती सांगते. पहिलं पुस्तक एक्केचाळिसाव्या वर्षी. मग रेडिओवर वाचायला बोलावू लागले आणि लोक रांगा लावून पुस्तकं घेऊ लागले. एवढं झाल्यावर विद्वान मंडळी रागावली. माझे प्रोफेसरही म्हणतात, हिच्या कविता बसस्टॉपवर कळतात, मग त्यांचा अभ्यास काय करायचा. जे सगळ्यांना कळतं ते हलकं, असा इथला न्याय आहे. ११ डिसेंबरला माझी तोंडी परीक्षा आहे, तेव्हा मला हाच न्याय खोडून काढायचा आहे. नाही जमलं तर प्रबंधाला परवानगी नाही आणि स्कॉलरशिपही नाही, म्हणजे बाडबिस्तरा बांधून अमरावती.

मागच्या आठवड्यात ती जवळच्या गावात कविता वाचायला आली होती. बुटकी, जाड चष्म्याची, पायात बाजारात जाण्याच्या चपला. लोक हसून हसून खुर्चीवरून घसरत होते आणि ती मख्ख. त्यात एक कविता अशी. गावच्या लायब्ररीकडून एका बाईला पत्र येतं, की तुमच्या यजमानांनी नेलेलं पुस्तक अजून परत आलेलं नाही. ती नम्रपणे कळवते, की ते अजून वाचताहेत, ते सावकाश वाचतात. पुन्हा पत्र येतं. ती कळवते, की त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला आहे. पुढच्या पत्राला, की सध्या ते फारसे बाहेर पडत नाहीत. सभागृह हसत असतं. तिसऱ्या-चौथ्या उत्तरानंतर एकेक जण हसायचा थांबतो, कारण यजमान कधीचेच गेलेले आहेत हे कळायला लागतं.

शेवट मात्र सांगत नाही. परीक्षा पार पडली की सांगेन, शब्द देते. तोवर मामांनी स्वतःचे दोन-चार शेवट करून पाहावेत.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी
सुमेधा


॥ श्री ॥
अमरावती, १४ ऑक्टोबर १९८६

चि. सुमेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

दसरा झाला. अंगात थोडी कसर आहे म्हणून पडूनच असते. तुझं पत्र तीनदा ऐकलं, लायब्ररीचा भाग पाचदा.

मला त्या थॉर्नबीबाईबद्दल विचारायचं आहे. सोळा वर्षं पोस्टात काम करून घरचं कधी करायची आणि लिहायची कधी? एक्केचाळिसाव्या वर्षी पुस्तक काढलं तेव्हा घरचे काय म्हणाले? लोक हसत असताना ती मख्ख राहते हे मला फार पटलं. स्वतःच हसलं की पुढचं बोलता येत नाही. आणि तुझे प्रोफेसर म्हणतात ते चूक आहे. जे सगळ्यांना कळतं ते करायला सर्वांत कठीण. साधा भात बघ.

त्या कवितेतल्या बाईनं शेवटी पुस्तक परत केलं का? मला वाटतं केलं नसावं. पण मग ती लायब्ररीवाल्यांना काय कळवते? तू परीक्षेनंतर सांगणार म्हणतेस, तोवर मला चैन पडायची नाही. जमलं तर आधी लिही.

स्वेटरचं या वेळी विचारत नाही. तू मोठी झाली आहेस.

आठवण ठेवावी, आशीर्वाद आहेतच.

तुझी
आई


॥ श्री ॥
पिस्कॅटवे, ३० ऑक्टोबर १९८६

ती. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. मी बरी आहे. स्वेटर घालते. अभ्यास चालू आहे. दिवाळीचा सर्वांना नमस्कार.

सुमेधा


॥ श्री ॥
अमरावती, २२ नोव्हेंबर १९८६

चि. सुमेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आता तिकडे कडाक्याची थंडी असेल. स्वेटरच्या आत आणखी एक बनियन घालत जा. वेळेवर जेवतेस ना? परीक्षेच्या दिवशी दहीसाखर खाऊन जा, तिकडे दही मिळतं असं कांचनची आई म्हणत होती. डोक्याला तेल लाव. मेतकूट डब्यात भरून ठेवलं आहे. मी बरी आहे, माझी काळजी करू नये, फक्त अभ्यासाकडे लक्ष द्यावं.

सर्व देवाच्या कृपेने ठीक होईल. पत्राची वाट पाहते.

तुझी
आई


॥ श्री ॥
पिस्कॅटवे, १२ डिसेंबर १९८६

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

काल परीक्षा झाली. पास झाले. प्रबंधाला परवानगी मिळाली.

आता आपण लपवाछपवी थांबवू या. आई गेली आहे हे मला ठाऊक आहे. १४ ऑक्टोबरच्या पत्रापासून ठाऊक आहे. मी परीक्षेआधी खचू नये म्हणून तुम्ही तिच्या नावानं लिहीत राहिलात, त्याबद्दल माझा राग नाही. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण मामा, कवितेत नेमकं कोण बोलतंय हे ओळखणं एवढंच तर माझं काम आहे. पाच वर्षांत आईनं मला स्वेटर, जेवण आणि तेल सोडून काही विचारलं नाही. आणि अचानक ती थॉर्नबीबाईच्या पहिल्या पुस्तकाबद्दल विचारते, मख्ख राहण्याबद्दल मत देते, आणि स्वेटरचं विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. तो सगळा तुमचा आवाज होता. पुढच्या पत्रात तुम्ही चूक सुधारली. २२ नोव्हेंबरचं पत्र इतकं हुबेहूब तिचं होतं की मी क्षणभर फसले.

तुमच्या शेजारच्या देशमुखांकडे फोन करायला दोनदा गेले. शेवटचा आकडा राहिला असताना दोन्ही वेळा ठेवून दिला. विचारलं असतं तर खरं झालं असतं.

मला काही झालं नाही. हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. रडू आलं नाही. त्या दिवशी कुकर लावला, जेवले, कपडे धुवायला नेले, कांचनचे दोन मोजे माझ्या कपड्यांत आले होते ते घडी करून तिला दिले. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तशी सहा आठवडे मी सगळीच आहे. दिवाळीला मराठी मंडळात जाऊन चकल्या खाल्ल्या. कशाला चव नव्हती, पण खाल्ल्या. अजून तसंच आहे.

काल प्रोफेसरांनी नेमकी ती लायब्ररीची कविता काढली. ती बाई खरं का सांगत नाही, असं विचारलं. मी म्हटलं, सांगितलं की लायब्ररीवाले यजमानांचं कार्ड काढून टाकतील. आणि लायब्ररीवाल्यांनाही एव्हाना कळलं असणारच, पण दोन्हीकडची माणसं सभ्यपणे लिहीत राहतात. मग एकानं पेन खाली ठेवलं आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. त्यांना वाटलं मी कवितेबद्दल बोलते आहे.

आता फक्त तारीख कळवा. तिथी कांचन बघून देईल.

तुमच्या मायेचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपली
सुमेधा


अमरावती, २८ डिसेंबर १९८६

चि. सुमेधास,
आशीर्वाद.

वर श्री लिहिलेली नाही, त्यावरून काय ते समजशील. हे पत्र मागच्या महिन्यातच या पद्धतीने जायला हवे होते. परीक्षा होईपर्यंत तुला कळवायचे नाही अशी तुझ्या आईची शपथ होती, ती पाळली. तुझ्या परीक्षेनंतर लिहायला बसलो आणि चार दिवस कागद कोराच राहिला. तेवढ्यात तुझे पत्र आले.

सुलभा १३ नोव्हेंबरला सकाळी गेली. कार्तिक शुद्ध द्वादशी. त्रास फार झाला नाही.

बेटा, तारीख पुन्हा वाच. तुझ्या हुशारीला नावे ठेवायची नाहीत, पण तू उलटे ओळखलेस. १४ ऑक्टोबरचे पत्र तिचे आहे, शब्दन् शब्द. मी त्यात एक काना घातला नाही. मीही चकित झालो होतो. तिला विचारले, तर म्हणाली की इतके दिवस विचारले नाही, कारण आपण विचारणार, मग पोर समजावत बसणार, तिचा अभ्यासाचा वेळ जाणार. आता पडून पडून स्वेटरचा कंटाळा आला आहे, जे ऐकायचे आहे तेच विचारते. भाताचे वाक्य सांगून झाल्यावर ते मला परत वाचायला लावले आणि खूश झाली.

माझे पत्र ते २२ नोव्हेंबरचे. ती असती तर काय लिहिले असते, असा विचार करत बसलो आणि मला स्वेटर, तेल आणि मेतकूट एवढेच सुचले. बहीण म्हणून साठ वर्षे ओळखत होतो.

तुझे चार ओळींचे उत्तर ११ नोव्हेंबरला आले. वाचून दाखवले. कागदाच्या मागे काही आहे का बघ, म्हणाली. मी पाहिले, नव्हते. मग म्हणाली, अभ्यासाच्या दिवसांत एवढे लिहिले, पुष्कळ झाले. मी विचारले, त्या कवितेचा एखादा शेवट मी रचून सांगू का? तर नको म्हणाली. सुमेधाने शब्द दिला आहे, ती सांगेल.

हे तुला कळवू की नको, यात दोन दिवस गेले. पण तुला एकदा फसवले ते पुरे.

प्रतिमा आशीर्वाद सांगते. वेळेवर जेव. हे मी माझ्या वतीने लिहितो आहे.

तुझा
जगन्नाथमामा


॥ श्री ॥
पिस्कॅटवे, ११ जानेवारी १९८७

ती. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं १४ ऑक्टोबरचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. मी तुला ओळखलं नाही. माझं कामच ते, आणि मी चुकले. यावर आणखी काही लिहिता येत नाही.

तुझे प्रश्न क्रमानं घेते. ती पहाटे लिहायची, डबा भरण्याआधी. घरी नवरा होता, तो बोलायला कमी. पुस्तक आलं तेव्हा त्यानं ते हातात धरून वजन केलं आणि किती ग्रॅम भरलं ते सांगितलं, असं ती म्हणते. भाताचं वाक्य मी इंग्रजीत करून प्रबंधाच्या पहिल्या पानावर घेतलं आहे. खाली तुझं नाव आहे. प्रोफेसरांनी ही लेखिका कोण असं विचारलं, मी सांगितलं.

गालातलं इंजेक्शन अजून उतरलेलं नाही. काल मेतकुटाचं पार्सल आलं. डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि बंद केलं. कांचन म्हणाली खा, मी म्हटलं उद्या. उद्याही तेच होईल बहुतेक. स्वेटर घातला आहे. आत बनियनही आहे.

आता शेवट. शब्द दिला होता.

तुझा अंदाज चुकला आई, ती पुस्तक परत करते. शेवटच्या पत्रात ती कळवते, की पुस्तक वाचून झालं. माझ्या यजमानांनी चौऱ्याऐंशीव्या पानापर्यंत वाचलं होतं, पुढचं मी वाचलं. मधमाश्या पाळण्याबद्दल होतं. आमच्याकडे मधमाश्या नाहीत, आणि पुस्तक मला तरी आवडलं नाही, पण कुणीतरी ते पुरं करायला हवं होतं. सोबत पाठवत आहे. खुणेसाठी आत बसचं एक तिकीट घातलेलं होतं, ते लायब्ररीचं नाही. ते मी ठेवून घेतलं आहे.

एवढंच. इथे सभागृहात कुणी हसलं नव्हतं. तू हसली असतीस असं मला वाटतं, पण तुझ्याबद्दल मला काय वाटतं यावर आता माझा भरवसा नाही.

लोभ होता, तो मला उशिरा कळला. आहे तसाच राहू द्यावा.

तुझी
सुमेधा

ता. क. मामा, हे पत्र कृपया तिच्या खोलीत बसून पूर्वीसारखं मोठ्यानं वाचावं. सावकाश वाचावं. आणि कागद उलटून पाहावा, या वेळी मागच्या बाजूलाही लिहिलं आहे.