छाया इतवारी अन् बुधवारी येते

चंदन भाटव्याले धाकट्या साळ्याचा, म्हणजे जंगूचा, लांबूनच जय सेवा. (लांबूनच यासाठी का जवळ आलो तं तुम्ही कान पिळान.)

उर्जानगरले तुम्ही, तुमची फटफटी अन् तुमची ते पॉवर हाऊसच्या राखेनं पांढरी झालेली टोपी खुशाल असान. इथी बाबाची कंबर तशीच हाये, मायचा आवाज तसाच हाये, बकरी जनली, मोठी पोट्टी दिवसभर त्या पिलाच्या मांगं पयते. लहानगा दूध पेऊन राह्यला. बाळंतपणाले माहेरी आलेली मोनालीबाई बरी हाये. (हे 'बरी हाये' मी तिच्याच शब्दात लिवलं, जसं ते बाबाच्या तोंडून तुम्हाले फोनवर कळवते. असली गोष्ट खाली येईन. आतापासून खालच्या ओळी वाचू नका.)

आजकाल पत्र कोण लिवते म्हणान. पण मले ब्लॉक तुम्हीच केलं. मान्य हाये, तुमच्या सुपरवायझरच्या आवाजात मीच फोन केलता, अन् तुम्ही सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन गेटापर्यंत गेलते. पण आवाज हुबेहूब होता का नाई? माणूस कलाकाराची कदर करते, तुम्ही ब्लॉक केलं. म्हणून हे पत्र गफ्फारभाईच्या मिरचीच्या गाडीनं पाठवून राह्यलो. ठसका लागला तं मिरचीचा समजा, पत्राचा नाई. अन् अक्षर वाकडं दिसलं तं तेही समजून घ्या, मी एका जागी बसून लिवूनच नाई राह्यलो. पयली ओळ ओसरीवर लिवली, मंग मोहाच्या झाडाखाली गेलो, आता पाण्याच्या टाकीवर चढलो. काऊन का तं बुधवारपासून मले कुठीच चैन नाई.

झालं असं का चंद्रपूरवरून अमरीन मॅडम आल्या. नर्सिंगची मोठी पढाई करून राह्यल्या, अन् त्यायचा रिसर्च हाये. रिसर्चचं नाव जिवतीच्या घाटापेक्षा लांब, मधात दोनदा दम घ्यावा लागते. आपल्या भाषेत सांगाचं तं पाळणा लांबवाची गोळी बाया सुरू करतात अन् मधातच सोडतात, ते काऊन. मॅडमले गोंडी येत नाई, अन् मले गोंडी, मराठी, हिंदी अन् बाता मारनं असं सारंच येते, म्हणून आशाताईनं माह्यं नाव सांगतलं. (आशाताईले मंग पस्तावा झाला, पण तोवर मी मॅडमची बॅग उचलली होती.)

आता त्या गोळीचं नाव छाया. सरकारी दवाखान्यात फुकट भेटते. पयले तीन महिने आठवड्यातून दोनदा, आमच्या सिस्टरनं इतवार अन् बुधवार ठरवून देल्ला, मंग फक्त इतवारी. इंजेक्शनचं नाव अंतरा. सरकारनं अशी बायाची नावं काऊन ठेवली मले समजलं नाई, पण ठेवली तं मी काय करू भाटवा, माह्या हातात आयतंच आलं.

मॅडम बायासंग आत बोलत. पण बुढ्या सासवा दारातच ठिय्या मारत. गुणाबाईच्या सुनेले इचारलं का उत्तर गुणाबाईच दे. म्हणून मॅडमनं मले काम सांगतलं, घरातल्या लोकायले बाहेर गुंतवून ठेव. मी मॅडमचा रिकामा पुठ्ठा घेतला, कानावर पेन खोसला, अन् आमच्या शेजारच्या पोचूले धरलं. तोंड एकदम गंभीर करून इचारलं, तुमच्याकडं छाया येते काय, येते तं आठवड्यातून कितीदा. मले वाटलं हासन. पण पोचूचं तोंड कोहळ्यावानी पांढरं पडलं. इकडंतिकडं पाह्यलं अन् हळूच म्हणते, घरी नाई येत जी, मीच जातो, पण भज्यापुरता.

तुम्हाले मालूम असनच, जिवतीच्या बाजारात भज्याचं दुकान लावते ते छायाबाई. मले हे ध्यानातच नव्हतं. अन् पोचूच्या मांगं त्याची बायको उर्वशी पाण्याचा गंज घेऊन उभी होती, हेही नाई. तिनं तो फेकून मारला, पण गंज भरला होता म्हणून पोचू वाचला, रिकामा असता तं जास्त लांब आला असता. (मले मातर रिकामाच लागला. तो दुसरा होता.)

दिवस बुडेपर्यंत साऱ्या गावात झालं का कोणी छाया नावाची बाई हाये अन् ते इतवारी-बुधवारी घरोघरी येते. ज्या बाया गोळी घेत होत्या त्या पदर तोंडात कोंबून हासत होत्या. अन् सोमाजी बुढा काठी टेकत मॅडमपाशी आला, म्हणे, साऱ्यायच्या घरी जाते तं माह्याच घरी काऊन नाई येत, मी का गावाबाहेरचा हावो?

मॅडम मले हाकलतीन वाटलं. पण त्या हाकलत नाईत, त्यायची सजा येगळी. दुसऱ्या दिवशी साऱ्या गड्यायले मोहाखाली बसवलं अन् चित्राचा कपडा माह्या हाती देल्ला. म्हणे, आता तूच समजावून सांग, छाया कोण ते. भाटवा, मी बारावी दोनदा दिली, पण असा घाम कोणत्याच पेपरात नाई आला. गर्भपिशवी म्हणाले माह्यी जीभ वळेना. पण एकदा वळली तं मंग थांबेना. गडीही इचाराले लागले. एकानं म्हणलं, बायकोनं गोळी घेतली तं गडी अशक्त होते काय. मी म्हणलं, जेवन तुह्या बायकोनं केलं तं ढेकर तू देतं काय. पोचूनं तं उठून सांगतलं का मी सबन नियम पाठ केले, आता कोणी भज्याचं नाव काढू नका.

मंग शुक्रवारी मॅडम आपल्या घरी आल्या. (मांगच्या शुक्रवारी. आज पुन्हा शुक्रवारच हाये.) मले बाहेर पाठवलं. पण आपली कुडाची भिंत तुम्हाले मालूम हाये, लिपन पडलेलं हाये, बाहेर अन् आत यात काई फरक नाई.

मॅडमनं मोनालीबाईले इचारलं, पयल्या पोट्टीनंतर गोळी देल्ली होती, मधात सोडली काय. बाई म्हणते, सोडली नाई जी, घेत होती. मंग दुसरं एवढ्या लवकर कसं झालं? तं बाईनं सांगतलं का घरधनी उर्जानगरले असते, महिन्यातून एकदा येते. ज्या आठवड्यात ते आले त्या आठवड्यात गोळी घेतली. घरी पाहुणाच नाई तं भात कोणासाठी रांधाचा?

मी भिंतीबाहेर शर्टाची बाही तोंडात कोंबून हासलो. पाहुणा म्हणजे तुम्ही. पण आत कोणी हासलं नाई. मॅडमनं हळूच सांगतलं का बाई, हे गोळी पाहुणा पाहून काम नाई करत, तो येवो का न येवो, ठरल्या दिवशी पोटात गेलीच पाह्यजे. अन् मंग दुसऱ्या बाळंतपणाचं इचारलं. तवा बाईचा आवाज एवढा लहान झाला का मले कान भिंतीले लावा लागला. रगत थांबेचना, ते म्हणे. चंद्रपूरवरून रगताची पिशवी येतपर्यंत ते वरच्या पंख्याकडं पाहत होती, अन् मोठ्या पोट्टीची येणी कोण घालन एवढंच मनात येत होतं. हे तिनं मायले नाई सांगतलं. तुम्हाले तं 'बरी हाये' सांगतलं. सिस्टर म्हणते अजून रगत भरलं नाई, दोन-तीन वर्षं तरी पाळणा लांबवा, नाईतर पुढच्या बारीले पिशवी येतपर्यंत थांबता येईन का नाई सांगता येत नाई.

सिस्टरनं पुन्हा छाया देल्ली. दूध पाजत असली तरी चालते. पण बाई म्हणते, मी इसरतो. मॅडमनं इचारलं, आठवण कोणी देल्ली तं बरं होईन? बाईनं लहानग्याचं टोपडं सारखं केलं. मंग म्हणे, त्यायनंच इचारलं तं बरं होईन, पण ते फोन बाबालेच करतात, कापसाचं इचारतात अन् ठेवतात.

म्हणून मी टाकीवर बसलो हावो. बाकी सारं ठीक. कापूसही ठीक हाये, आता पुन्हा इचारू नका.

तुमचा ब्लॉक केलेला साळा,
जंगू

ता. क. : इतवारी फोन बाईले करा. लांबचवडं बोलाचं नाई, फक्त 'छाया येऊन गेली काय' एवढंच इचारा. पुढं बाई तुमच्या घरी आली अन् फोनापाशी तुमची माय बसली असली तरी बुढीले वाटन कोणी शेजारीण असन. बाई समजन.

आणखी एक ता. क. : तुमची माय छाया कोण म्हणून माग काढत बाजारात गेली तं भजे खाऊन येईन. तेवढी जोखीम तुमची.

शेवटचा ता. क. : रागवू नका. परवा बुधवारी मी जिवतीले गेलतो. तिथून दुसऱ्याच्या नंबरावरून बाईले फोन लावला, तुमच्या आवाजात. इचारलं, छाया येऊन गेली काय. मले वाटलं पकडल्या गेलो. मंग म्हणते, हो, आत्ताच घेतली, तुम्हाले कोणी सांगतलं जी? मी म्हणलं, जंगूनं. (तुमचा आवाज घोगरा हाये म्हणून चाललं.) तवापासून ते ओसरीवर गाणं म्हणते, मोठीच्या दोन येण्या घालते, अन् फोन उशापाशी ठेवते. ठेवतानी म्हणली होती, इतवारी भी इचारजा.

मले तुमचा आवाज दोनदा नाई जमणार, भाटवा. इतवार परवा हाये.