फादरचा झगा आणि पारसचा कट

९ मार्च, रविवार.
समोरच्या चर्चचे फादर मिथुन आज जांभळ्या झग्यात. सोनेरी काठ. कापड नवं कोरं, पंचवीस वर्षं या धंद्यात आहे, रस्त्यापलीकडूनही कळतं. माझ्याकडून गेलेलं नाही. मग खांडबाऱ्यात दुसरा कापडवाला उरतो कोण? धाकटा भाऊ पारस. दुकान वेगळं केलं तेव्हाच ओळखायला हवं होतं. ठरलं. महिन्याभरात चर्चची ऑर्डर आपली.

१० मार्च.
नोकर इंद्रसिंग दर रविवारी चर्चला जातो. सहज विचारलं. म्हणाला, शेठ, झगा जुनाच शे. डोळ्यांत न बघता म्हणाला. पारसने यालाही फोडलाय.

२३ मार्च.
तिसऱ्या रविवारीही जांभळाच. म्हणजे रंग फिक्स. सुरतेहून जांभळ्या साटीनचे सहा ताके मागवले. सोहनबाई म्हणे, आधी फादरना विचारा तरी. बायकोला बिझनेस कळत नाही. विचारलं की बातमी फुटते.

३० मार्च. सकाळी ९.
गुलाबी! माल काल उतरला आणि आज फादर गुलाबी! एवढा योगायोग नसतो.
रात्री १०.
संध्याकाळी पारसच्या मुलीची, प्रियलची सगाई. गेलो नाही. पोट दुखतंय असा निरोप दिला. खरंच थोडं दुखत होतं. सोहनबाई सांगते, पोरगी सारखी दाराकडे बघत होती, बडे पापा आले का विचारत होती.

६ एप्रिल.
पुन्हा जांभळा. पारसचा डाव फसला.

१३ एप्रिल.
लाल. झावळ्या घेऊन मिरवणूक दुकानावरून गेली. पारस ओट्यावर उभा राहून झगाच बघत होता. चेहरा पडलेला. ॲक्टिंग चांगली करतो.

२० एप्रिल, ईस्टर. दुपारी.
पांढरा! सहन झालं नाही. सरळ चर्चमध्ये जाऊन फादरना विचारलं, माल कोण देतो? त्यांनी शांतपणे कपाट उघडलं. पाच रंग, पाच झगे. एरवी हिरवा. जांभळा उपासाच्या दिवसांत, मधे एकच रविवार गुलाबी. दरवर्षी हेच. आता जांभळा थेट नाताळच्या आधी. आणि नवीन काहीच नाही, तीस वर्षं हेच झगे.
जांभळा उलटून दाखवला. ताक्याच्या टोकावर मारतात तो शिक्का आतल्या बाजूला तसाच होता. प्रेमचंद अँड सन्स. बापूजींचं दुकान. शाळेत असताना शिक्के मारायचं काम आम्हा दोघा भावांकडे असायचं. हा वाकडा आहे, म्हणजे पारसने मारलेला. डोळे भरून आले.
फादर म्हणाले, तुमचे भाऊही कालच येऊन गेले. माल मोठा भाऊ शांतिलालच देतो ना, असं विचारत होते. त्यांच्याकडे गुलाबीचे आठ ताके पडलेत.

संध्याकाळी ७.
पारसच्या पायरीपर्यंत गेलो, परत आलो. आत गेलो असतो तर प्रियलने आधी पोट कसं आहे ते विचारलं असतं.